हळदीकुंकूच आहे!

निवृत्तीच्या समारंभात ऑफिसने मला दुर्बीण दिली. माझ्या आधी निवृत्त झालेल्यांना भिंतीवरची घड्याळं मिळाली होती, त्यांच्याही आधीच्यांना चांदीचा मुलामा दिलेले गणपती. मलाच दुर्बीण का, असं मी कॅशियरला हळूच विचारलं. तो म्हणाला, "साहेब, आता जरा लांबचं बघा." टेबलावर समोर ठेवलेली फाईल मला दिसत नाही, अशी माझ्याबद्दल जुनी तक्रार होती. त्यामुळे यात सदिच्छा किती आणि टोमणा किती, याचा हिशोब मला अजून लागलेला नाही.

घरी बायकोला दुर्बीण फार आवडली. हा माणूस आता दिवसाचे काही तास घराबाहेर काढणार, अशी तिची समजूत झाली. मी बाल्कनीत खुर्ची टाकली. कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीत दोन इमारतींमध्ये अंतर असं आहे की, समोरच्यांकडे आज कसली भाजी आहे ते दुर्बिणीशिवायच कळतं. दुर्बिणीतून मोहरी तडतडताना दिसली. वास्तविक मी त्यांच्या एसीच्या डब्यावर बसलेला बुलबुल बघत होतो. पण दुर्बीण लावलेल्या माणसाचा हेतू समोरच्या खिडकीतून दिसत नाही. आठवड्याच्या आत फलकावर कागद लागला : "दुर्बीणधारक सभासदांनी आपल्या छंदाची दिशा बदलावी. आज्ञेवरून." आमच्या सोसायटीत दुर्बीणधारक सभासद एकच आहे. ते अनेकवचन आदरार्थी असावं, असं मी मानून घेतलं.

दिशा बदलायची म्हणजे इमारती नाहीत अशा ठिकाणी जायचं. पुण्यात तशी जागा नदीच्या पात्रातच उरली आहे, तीही किती दिवस हे सांगता येत नाही. मी लकडी पुलावर गेलो आणि कठड्याला टेकून खाली दुर्बीण लावली. मुठेच्या उथळ पाण्यात, जलपर्णीच्या कडेला, तपकिरी रंगाचं काहीतरी हललं. मी काच फिरवून ते स्पष्ट करतोय तोवर डावीकडे एक गृहस्थ येऊन वाकले. मग उजवीकडे दोघे.

"कोण पडलं?"

"कुणी नाही. बदक आहे."

"बदक पडलं?"

"पडलं नाही, पोहतंय."

"मग बघताय काय?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मागे स्कूटरी थांबल्या. "अग्निशामक दलाला फोन केला का?" असं एका काकूंनी विचारलं. त्यांच्या मागच्या आजोबांनी तर "हल्लीच्या मुलांना जरासं काही सहन होत नाही" असा निकालही देऊन टाकला. मी आपला "बदक, बदक" म्हणत राहिलो. अखेर माणूस पडलेला नाही अशी गर्दीची खात्री पटली. थोडी निराशा झाली. पण आलोच आहोत तर बदकाचं नाव तरी काढून जाऊ, या विचाराने सगळे पुन्हा वाकले.

"पाणकोंबडी आहे ती."

"छे! पाणकावळा."

"हे सैबेरियातून येतात. दरवर्षी. पेपरात असतं."

सैबेरिया हे पुण्यातल्या यच्चयावत अनोळखी पक्ष्यांचं मूळ गाव आहे. चिमणी, कावळा, कबुतर आणि पोपट सोडून जे काही उडतं ते तिथून येतं. पुलावर तेव्हा पंधरा-वीस माणसं तरी असतील. त्यांच्यातल्या एकाच्याही तोंडून "मला माहीत नाही" हे तीन शब्द निघाले नाहीत. एवढी मतं ऐकल्यावर बदक जलपर्णीत शिरलं आणि बाहेर आलं नाही.

मी अप्पा बळवंत चौकातून पक्ष्यांचं पुस्तक आणलं. बदकांचं माझं शिक्षण 'ब बदकाचा' इथे थांबलेलं होतं. तक्त्यावरचं ते बदक पांढरंशुभ्र, चोच पिवळी, आणि त्याच्याबद्दल कुणाला कसलीच शंका नाही. त्यानंतर भेटलं ते गदिमांच्या गाण्यातलं. त्यात तर सगळ्या तळ्याने ज्याला बदक समजून हिणवलं तो शेवटी राजहंस निघाला. म्हणजे बदक ओळखण्यात चूक करणं ही मराठी माणसाला लहानपणापासूनची सवय, तीही आशाबाईंच्या आवाजात लागलेली.

पुस्तकात बदकांची पानंच्या पानं होती. नर रंगीबेरंगी, एकाचं डोकं हिरवं, दुसऱ्याचं तांबूस. माद्या मात्र सगळ्या तपकिरी, अंगावर खवल्यांची नक्षी. थापट्याची मादी, तलवार बदकाची मादी, गडवालची मादी, चक्रांगाची मादी. चार वेळा चाळून मी फक्त पानांचे आकडे ओळखू लागलो. शिवाय खाली बारीक टाईपात लिहिलं होतं की, पाहुणे नर शरद ऋतूत येतात तेव्हा त्यांची जुनी पिसं झडलेली असतात आणि तेही मादीच्याच वेशात असतात. म्हणजे ऑक्टोबरात नदीवर जाणाऱ्याला सगळ्या माद्याच दिसणार आणि त्यांतल्या अर्ध्या माद्या नसणार.

एकच बदक मला त्यातल्या त्यात माझ्या कुवतीचं वाटलं. नाव हळदीकुंकू. काहीजण त्याला प्लवा म्हणतात. आकाराने आपल्या पाळीव बदकाएवढं, साधारण ६० सेंटिमीटर. काळी चोच, चोचीच्या टोकाला पिवळा पट्टा, चोचीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना एकेक लाल ठिपका, पाय नारिंगी-तांबडे, पंखावर हिरवा चकाकणारा पट्टा. नर आणि मादी दिसायला जवळजवळ सारखी. बारा महिने हाच वेश. कुठे जात नाही, कुठून येत नाही. भारतात जिथे जिथे गोडं साचलेलं किंवा संथ पाणी आहे तिथे बहुतेक सापडतं, आणि पुण्याच्या नदीत, पाषाणच्या तलावात तर कायमचंच राहायला आहे. मी बायकोला हे वाचून दाखवलं.

"दोघांनाही हळदीकुंकू?" ती म्हणाली.

"दोघांनाही. नराचे ठिपके जास्त ठळक."

"मादीचे?"

"फिकट असतात."

"म्हणजे तिथेही मिरवायचं यांनीच," असं म्हणून ती कुकर लावायला गेली.

मग मी पक्षिनिरीक्षकांच्या एका जथ्याबरोबर कवडीपाटला जायला लागलो. रविवार, पहाट, हडपसरच्या पुढे सोलापूर रस्ता आणि डावीकडे मुळा-मुठेवरचा तो जुना बुटका पूल. पुण्याने नदीत जे जे सोडलं ते ते इथे येऊन थांबतं. फेस, थर्माकोल, नारळ, देवांच्या तसबिरी, डाव्या पायाच्या चपला. उजव्या पायाच्या कुठे जातात हे मला अजून कळलेलं नाही. या सगळ्याच्या मध्ये पक्षी, आणि पक्षी म्हणजे खरोखरच भरपूर पक्षी. शहराच्या वर, स्वच्छ पाण्यात जाऊन राहावं असं त्यांना का वाटत नाही, असं मी एकदा विचारलं. "इथे खायला जास्त आहे," असं उत्तर मिळालं. आम्हीही पुण्यात नोकरीसाठीच आलो होतो, त्यामुळे पुढे वाद घातला नाही.

पहिल्याच रविवारी माझा पोशाख चुकला. मी पांढरा फुलशर्ट आणि माकडटोपी घालून गेलो होतो. बाकी सगळे मातकट, हिरवट, असंख्य खिशांच्या जाकिटांत.

"काका, पांढरं घालून आलात? पक्षी उडून जातील."

त्या क्षणी पाण्यात बगळे उभे होते, पांढरेशुभ्र, माझ्या शर्टापेक्षा दोन धुण्यांनी नवे. पलीकडच्या रस्त्यावरून मांडवाचे खांब घेऊन ट्रॅक्टर गेला, त्यावर गाणं असं लागलेलं की पुलाचे दगड हलावेत. एकही पक्षी उडाला नाही. मी मात्र दिवसभर झुडपामागे उभा होतो.

या मंडळींत तीन जाती आहेत. पहिली लेन्सवाल्यांची. यांच्याकडे सहाशेची लेन्स असते, ती तिपाईवर चढवायला दोन माणसं लागतात आणि ती चढेपर्यंत पक्षी जेवून जातो. दुसरी यादीवाल्यांची. त्यांची तोंडओळख झाली की ते नाव विचारत नाहीत, "किती झाले?" असं विचारतात. "चौतीस." "आमचे सदतीस." मग चौतीसवाला इसम उरलेला दिवस खिन्न असतो. तिसरी जात म्हणजे सर. प्रत्येक जथ्यात एक सर असतात. ते आधी बोलत नाहीत. सगळ्यांना आपापली चूक करून घेऊ देतात, मग दुर्बीण खाली करून हलकेच लॅटिन नाव उच्चारतात. आमच्या सरांनी 'अनास पोसिलोऱ्हिंका' हा शब्द तोंडात पोह्यांचा घास असताना उच्चारला होता. समोरच्या माणसावर थोडे पोहे उडाले, पण त्याने ते आदरापोटी पुसले नाहीत.

बदक पाण्यात दिसलं की माझी अडचण सुरू होई. पुस्तकातलं बदक नेहमी एका बाजूने उभं, मान ताठ, चोच स्वच्छ, पाय पूर्ण बाहेर आणि ऊन नेमकं अंगावर. नदीतलं बदक सकाळभर डोकं पाण्यात आणि बूड आभाळाकडे, अशा अवस्थेत असतं. हे उथळ पाण्यात चरणारं बदक आहे. ते बुडी मारत नाही. पुढचं अर्धं अंग पाण्यात घालून तळाशी पाणवनस्पती, बिया, किडे काय मिळेल ते चाळतं आणि तोल सांभाळायला पाय हलवत राहतं. मी त्या बुडाकडे बघून हळद शोधत असे, कुंकू शोधत असे.

"चोचीकडे बघू नका," सर एकदा कळवळून म्हणाले. "एवढ्या लांबून ठिपके कुणालाच दिसत नाहीत. पाठीच्या शेवटी पंखाजवळ पांढरं दिसतंय ना? तेवढं बघा. दुसऱ्या कुठल्या आपल्याकडच्या तपकिरी बदकाला तसं नाही."

खरंच तिथे पांढरी पिसं होती, लांबूनही चमकत होती. नाव तोंडावरून पडलं आणि ओळखायचं मागून. हे पुस्तकाने पहिल्या ओळीत सांगायला काय हरकत होती?

काठावर बदकांपेक्षा बदक नसलेले पक्षीच जास्त. काळा, कपाळावर पांढरा टिळा लावलेला तो वारकरी. पाण्यावर थव्याने तरंगतो आणि प्रत्येक नवशिका त्याला आधी बदक म्हणतो. तो पाणकोंबडीच्या कुळातला. त्याच्या पायाच्या बोटांना पडदा नसतो, कडेला पाळ्या असतात. पण पाय पाण्याखाली, त्यामुळे हा पुरावा कुणाला सादर करता येत नाही. टिबुकली तर दिसली म्हणेपर्यंत बुडी मारते आणि भलतीकडेच वर येते. यादीवाल्यांनी ती एकदाच मोजलेली असावी अशी माझी प्रार्थना आहे.

पाच नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि बारा नोव्हेंबर डॉ. सालीम अली यांचा. या दोन तारखांच्या मध्ये महाराष्ट्रात पक्षी सप्ताह पाळला जातो. त्या आठवड्यात कवडीपाटला पक्ष्यांपेक्षा माणसं जास्त होतात. अशाच एका सकाळी पलीकडच्या काठाजवळ एकटंच एक तपकिरी बदक होतं. यादीवाले म्हणाले, हळदीकुंकू. लेन्सवाल्यांपैकी एकाने भुवई उडवली. "गडवालची मादी नाही कशावरून?" झालं. दोन पक्ष पडले. कुणीतरी फोटो काढला, तो कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर मोठा केला, आणखी मोठा केला, शेवटी नुसते तपकिरी चौकोन उरले. त्या चौकोनांवर बोट ठेवून एकजण "हे बघा चोचीचं टोक" म्हणाला आणि दुसरा "ती चोच नाही, जलपर्णी आहे" म्हणाला. सरही वाकले. मी वाकलो नाही, कारण मी दुर्बिणीच्या काचेवरचं बोटाचं तेल शर्टाने पुसत होतो. एवढ्यात फडफड झाली. बदक उडालं होतं. उडताना पंखावरचा हिरवा पट्टा आणि त्याच्या कडांच्या पांढऱ्या रेषा दिसतात आणि ओळख नक्की होते, असं पुस्तकात लिहिलेलं आहे. तो पट्टा बघायला कुणीही मोकळं नव्हतं.

वाद मिसळीपर्यंत चालला.

इतका वेळ गावातला एकजण म्हशी पाण्यावर सोडून आमच्यामागे उभा होता. त्याने लेन्सवाल्याला विचारलं, "ह्या नळीचं किती पडलं?"

"दीड लाख."

"तेवढ्यात म्हैस आली असती की." मग जरा थांबून, "आन् ती जवळनं दिसली असती."

त्याला मी त्या बदकाबद्दल विचारलं. "ती व्हय? ती हितलीच. बारा महिने हायती," एवढं सांगून त्याने हात पलीकडे केला. "ती भगवी हायती ना, ती पाव्हणी."

भगवी म्हणजे चक्रवाक. लडाख, तिबेट, मध्य आशिया अशा लांबच्या पल्ल्यावरून हिवाळ्यात इथे येतात. त्यांच्यामागे संस्कृत कवींचं वजन आहे. रात्री त्यांची ताटातूट होते वगैरे. ते दिसले की सगळ्या लेन्सा एकदम तिकडे वळतात. डिसेंबरात न्यू जर्सीहून आलेल्या भाच्याभोवती घर जमावं आणि इथेच राहून रोज दूध आणणाऱ्या पुतण्याला "जरा बाजूला हो, फोटोत येतोयस" म्हणावं, तसा हा प्रकार. हळदीकुंकू त्या फोटोंत नेहमी कडेला अर्धवट आलेलं असतं. नंतर ते कापून टाकतात.

काठावर मी सगळ्यांत जास्त ऐकलेलं वाक्य कुठलं असेल, तर "काही नाही, हळदीकुंकूच आहे." त्यातला 'च' ऐका. कुणीतरी लांबून ओरडतो, "बदक, बदक!" सगळे धावतात, दुर्बिणी लागतात, क्षणभर श्वास रोखले जातात, आणि मग तो 'च' येतो. दुर्बिणी खाली. यादीत एकदा खूण झालेली असते, आता त्याच्याकडे काय बघायचं! वास्तविक त्याच्या चेहऱ्याची ओळख अवघड, त्याचं बूड वर, त्याचा पट्टा उडाल्यावर दिसणार. पण नाव कळलं की काम संपलं.

माझा नावाच्या बाबतीत फार वेळ जायचा, त्यामुळे मला बदक बघावंच लागे. तसं बघताना लक्षात आलं की ती बहुतेक जोडीने असतात. पुस्तक उघडल्यावर कळलं, मोठ्याने क्वॅक क्वॅक करते ती मादी. नराचा आवाज घोगरा, दबका. हे मी घरी सांगितलं नाही. जेवण झालं की बदक काठावर येतं आणि पिसं साफ करायला बसतं. शेपटीच्या मुळाशी तेलाची एक ग्रंथी असते. चोचीने तिथलं तेल घ्यायचं आणि अंगभर प्रत्येक पिसाला लावायचं, म्हणजे पाणी आत शिरत नाही. पुण्याची लाखो घरं रोज ज्या नदीत आपली मोरी रिकामी करतात, त्याच नदीत हा पक्षी दिवसभर राहतो आणि संध्याकाळी माझ्या पांढऱ्या शर्टापेक्षा स्वच्छ दिसतो. बायकोने धुण्याची पावडर दोनदा बदलली.

पावसाळ्यानंतर एकदा तिलाही घेऊन गेलो. ती दुर्बीण घ्यायला तयार नव्हती. बरोबर डबा होता आणि छत्री होती. गवतातून एक हळदीकुंकू बाहेर आलं आणि त्याच्यामागे पिल्लांची रांग. काळपट अंगाची, पिवळसर, कापसाच्या गोळ्यांएवढी. ही मंडळी पावसाळ्यात पाण्याच्या काठच्या गवतात, जमिनीवरच घरटं करतात. अंडी ८ ते १४, उबवायला साधारण २४ दिवस, आणि पिल्लं बाहेर पडली की लगेच पाण्यात. मी हे सगळं सांगत होतो. ती पिल्लं मोजत होती.

"नऊ," ती म्हणाली.

"आठ," शेजारचा यादीवाला म्हणाला.

"नऊ. एक त्या चपलेच्या मागे आहे."

यादीवाल्याने चष्मा पुसून पाहिलं. त्याने यादीत आठच लिहिले. चपलेमागचं पिल्लू त्याने स्वतः पाहिलं नव्हतं, आणि त्याचे काही नियम होते.

पुढे दिवाळीला गोंदियाहून साडू आले. त्यांच्यापुढे मी बदकांची थोडी विद्या मिरवली. ते शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "आमच्याकडे बदकं झाडावर बसतात."

मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांच्या भागात तलावांची कमी नाही आणि त्या तलावांवर अडई असते. हळदीकुंकवापेक्षा लहान, साधारण ४२ सेंटिमीटर, तांबूस-तपकिरी, मान आणि पाय लांब. पाण्याकाठच्या झाडांवर खुशाल बसते. झाडाच्या ढोलीत नाहीतर घारी-कावळ्यांच्या सोडलेल्या घरट्यात अंडी घालते. क्वॅक करत नाही, शीळ घालते. नर आणि मादी आळीपाळीने अंडी उबवतात. हा मुद्दा साडूंनी स्वयंपाकघराच्या दिशेने जरा मोठ्याने सांगितला. त्यांच्या अंगाशी आला. त्या दिवशी चकल्या त्यांनीच तळल्या.

"आणि मोठी अडई वेगळी," ते झारा हलवत म्हणाले. "उडताना शेपटीच्या वरची पिसं बघायची. फिकट, साईच्या रंगाची असली तर मोठी. तांबूस असली तर आपली नेहमीची."

"पण दिसते कधी?"

"चरते ती मुख्यतः रात्री. दिवसा झोपलेली असते."

पुण्यातले पक्षिनिरीक्षक पहाटे पाचला उठून ज्या वेळी पोचतात, नेमकी त्या वेळी ही बाई निजायला जाते. मला ती त्याच क्षणी आवडली.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर मी सहज म्हणालो, "एक बदक झाडावर बसतं."

कट्टा शांत झाला. मग एकजण म्हणाले, "कोंबडी असेल."

"नाही हो, बदकच. पायाला पडदे असलेलं."

"पडदे असताना फांदी धरेल कशी?" माजी इंजिनिअर होते. त्यांनी काठीने मातीत फांदीचं आणि पायाचं चित्र काढून ते अशक्य असल्याचं सिद्ध केलं. दुसऱ्यांना ते पाणकावळ्यावर न्यायचं होतं. तिसरे म्हणाले, "सैबेरियातून आलं असेल, दमून बसलं असेल." सेक्रेटरी तेवढे माझ्या बाजूचे निघाले. ते म्हणाले, "बसू द्या कुठेही. आपल्या आवारात नको."

साडूंनी मग पुरावा म्हणून शीळ घालून दाखवली. कट्ट्यावरच्या एका नातवाच्या फोनमध्ये आवाजावरून पक्षी ओळखणारं काहीतरी होतं, ते त्याने चालू केलं. साडूंनी गाल फुगवून दोन सुरांची शीळ घातली. फोनने काहीच सांगितलं नाही. त्यांनी पुन्हा घातली, गोंदियाच्या तलावाचं स्मरण करून. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या कुकरची शिट्टी झाली आणि फोनने पाठोपाठ दोन पक्ष्यांची नावं दिली.

रविवारी मी सरांनाही सांगितलं. "अडई? कुठे? किती वाजता? फोटो?" साडूंचं नाव सांगितल्यावर ते म्हणाले, "नातेवाईक धरता येत नाहीत."

हे वाचून कुणाला कवडीपाटला जावंसं वाटलं, तर अवश्य जा. ऊन चढायच्या आत पोचा. पुलाच्या तोंडाशी गाडी लावू नका, गावातल्या लोकांना ये-जा करायची असते. शर्टाचा रंग कुठलाही चालेल. निर्माल्याची पिशवी बरोबर नेऊ नका. ती तुमच्या आधी पोचलेली असते. बदक दिसलं तर पाठीमागचं पांढरं बघा आणि डोकं पाण्याबाहेर येईपर्यंत दम धरा, येतं ते. आणि एवढं करूनही ओळखता आलं नाही, तर शेजारी उभ्या असलेल्या माणसाला विचारू नका. तो सांगेल.